लिहिलं होतं ना, वाचायचं होतं

प्रश्न: ताई, मी ६ वर्षं सर्जिकल आयसीयूत आहे. ३ महिन्यांपूर्वी आमच्या इनचार्ज सिस्टर दुसरीकडे गेल्या आणि मेट्रन मॅडमनी मला ॲक्टिंग इनचार्ज केलं. युनिटमध्ये माझ्याहून सिनियर एक सिस्टर आहेत, १८ वर्षं सर्व्हिस, मला आर्टेरियल लाईन (धमनीत घातलेली नळी) हाताळायला त्यांनीच शिकवलं. ऑर्डर आली त्या दिवसापासून त्या माझ्याशी धड बोलत नाहीत. ओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती, देतात तो एका वाक्याचा, ‘सगळं फाईलमध्ये आहे.’ मागच्या आठवड्यात त्यांच्या नाईटला सकाळी पावणेसातला लॅबचा फोन आला, एका पेशंटचं पोटॅशियम ६.१, म्हणजे धोक्याइतकं वाढलेलं. त्यांनी फाईलमध्ये लिहिलं, ओव्हरमध्ये बोलल्या नाहीत, सलाईनमधलं केसीएल (पोटॅशियमचंच औषध) चालूच. ९ वाजता मला मॉनिटरवर टी वेव्ह (हृदयाच्या आलेखातल्या लाटा) उंच दिसल्या तेव्हा पोटॅशियम वाढल्याचं कळलं. पेशंटला काही झालं नाही. विचारलं तर म्हणाल्या, ‘लिहिलं होतं ना, वाचायचं होतं.’ इन्सिडंट रिपोर्ट भरला तर सूड घेतला म्हणतील. दुसरीकडे माझी जवळची मैत्रीण, एकाच बॅचच्या आम्ही, तिला दर वेळी शनिवार-रविवार ऑफ हवा आणि नाही म्हटलं की ‘पद मिळालं आणि बदललीस.’ मला क्रिटिकल केअरमध्ये पुढे शिकायचं होतं, तो फॉर्म तसाच पडलाय. पद सोडू, युनिट बदलू, की वर तक्रार करू?

उत्तर: अगं, तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या पोटॅशियमपाशी अडकले. तू ते पत्राच्या मध्येच कुठेतरी टाकून दिलंयस, जणू रुसव्याफुगव्यांच्या यादीतली ती अजून एक गोष्ट, आणि खरं दुखणं म्हणजे त्या बोलत नाहीत हे. मला उलटं वाटतं. त्या तुझ्याशी बोलत नाहीत याचं तुला वाईट वाटतं, ते वाटणारच, जिने हाताला धरून शिकवलं तिने तोंड फिरवलं की जीव कासावीस होतो, पण त्या पेशंटबद्दल बोलत नाहीत हे वेगळंच प्रकरण आहे आणि ते त्या पेशंटच्या जिवाशी आहे. तू दोन्हीचा एकच गुंता केलायस म्हणून त्याचं टोक सापडत नाहीये. रुसवा काढायच्या मागे लागू नकोस. ओव्हर सुधार. रुसवा त्यामागून गेला तर गेला, नाही गेला तर त्याच्यासोबत नोकरी करता येते, मी केलीय, आणि खरं सांगायचं तर मी तो रुसवा स्वतः धरलेलाही आहे.

ते आधी सांगते. माझी १६ वर्षं सर्व्हिस झालेली आणि माझ्यापेक्षा ७ वर्षांनी ज्युनियर मुलगी इनचार्ज झाली. मी जवळपास ५ महिने तिच्याशी ‘हो सिस्टर’, ‘नाही सिस्टर’ याच्यापलीकडे गेले नाही. ती चहाला बोलवायची, मी म्हणायचे ड्रेसिंग राहिलंय. आता हसू येतं पण तेव्हा मला मनापासून वाटत होतं की तिने माझं काहीतरी चोरलंय. तिने काहीच केलं नव्हतं, तिला बोलावून पद दिलं, तिने घेतलं, बस. माझा राग ज्यांच्यावर होता ते ऑफिसात बसलेले आणि त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नव्हतं, मग समोर रोज कोण दिसतं, तर ती. तुझ्या सिनियर सिस्टरचं नेमकं हेच चाललं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण १८ वर्षं झालेल्या बाईला कुणी एका शब्दाने सांगितलं तरी का, की तुमचं नाव का नाही? माझी पैज आहे की नसेल सांगितलं. भिंतीवर ऑर्डर लागली असेल आणि त्यांनी ती सगळ्यांबरोबर उभं राहून वाचली असेल.

माझ्या बाबतीत कोंडी फुटली ती त्या मुलीमुळेच. एक दिवस तिने मला विचारलं, सिस्टर, तुमचं नाव का नाही गेलं ते मी मेट्रनना विचारू का, तुमची हरकत नसेल तर? मी हो म्हटलं, जरा घुश्शातच. आणि कळलं काय, तर माझ्या फाईलमध्ये शेवटच्या ६ वर्षांत एकही ट्रेनिंगची नोंद नव्हती. केलेली होती मी, सर्टिफिकिटं घरी कपाटात होती! कुणी मागितली नाहीत, मी दिली नाहीत. तेव्हा बसलेला तो धक्का अजून विसरले नाहीये. हे तुझ्यासाठीही आहे बरं का, त्यावर पुढे येते.

आता ओव्हर. तुमच्याकडे ओव्हर कुठे होतो? नर्सिंग स्टेशनवर उभ्याउभ्या होत असेल तर पहिली चूक तिथे आहे. ओव्हर बेडपाशी घ्यायचा. दोघींनी पेशंटजवळ जायचं, देणारीने आणि घेणारीने, पंपावरचा रेट दोघींनी डोळ्यांनी वाचायचा, सलाईनच्या बाटलीवर काय मिसळलंय त्याचं लेबल वाचायचं, ड्रेनचं माप, लघवी, लाईनची जागा, पेशंटच्या पाठीखाली एकदा हात घालून बघायचं, आणि जायच्या आधी एकच प्रश्न, लॅबचा फोन आला होता का आणि कुठला रिपोर्ट यायचाय. नर्सिंग स्टेशनवर ‘सगळं फाईलमध्ये आहे’ म्हणून पर्स उचलता येते, पण केसीएलच्या बाटलीसमोर उभं राहून ते म्हणणं अवघड जातं. त्या दिवशी बेडपाशी दोन मिनिटं झाली असती तर तुला ९ वाजता टी वेव्ह बघायची वेळ आली नसती. (केसीएल खरं तर फोन ठेवल्या ठेवल्या बंद व्हायला हवं होतं आणि ड्युटी डॉक्टरला तेव्हाच कळवायला हवं होतं, ईसीजी आणि रिपीट सॅम्पल तिथून पुढे. लिहून थांबणं ही चूकच आहे, तिथे मी त्यांची बाजू घेणार नाही.)

ओव्हरच्या कागदात एक कप्पा वाढव, ‘फोनवर आलेले रिपोर्ट’. किती आलं, किती वाजता, कुठल्या डॉक्टरला सांगितलं, त्यांनी काय करायला सांगितलं. देणारीने ते बोलून दाखवायचं आणि घेणारीने उलट म्हणून दाखवायचं, ‘पोटॅशियम ६.१, ६:४५ ला, अमक्या डॉक्टरांना सांगितलं, केसीएल बंद.’ सुरुवातीला सगळ्या हसतील, शाळेत पाढे म्हणतोय असं वाटतं. हसू दे. आणि हा नियम सगळ्यांना एकाच दिवशी लागू कर, पहिला ओव्हर तू स्वतः दे तसा, म्हणजे तो त्यांच्यासाठी काढलाय असं कुणाला म्हणता येणार नाही.

एसबीएआर तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेलच, परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचा अंदाज आणि काय करायला हवं, या क्रमाने बोलायचं. ते मुळात अमेरिकेच्या नौदलातल्या अणुपाणबुड्यांवरून आलंय, तिथून कैसर परमनंटे या अमेरिकन आरोग्यसंस्थेच्या कोलोरॅडोतल्या लोकांनी ते हॉस्पिटलात आणलं आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ओव्हरसाठी ते वापरा म्हणून सांगितलं. मला नेहमी त्या पाणबुडीचं नवल वाटतं. महिनोनमहिने समुद्राखाली एका बंद डब्यात तीच ती माणसं, त्यात एकमेकांची तोंडं न बघणारे चारदोन असणारच की, पण माहिती द्यायचा क्रम ठरलेला, त्यात तुझंमाझं पटतं का हा प्रश्नच येत नाही. आयसीयू तरी काय वेगळं आहे.

इन्सिडंट रिपोर्ट भर. हो, आठवडा उलटून गेलाय तरी भर, उशिराची तारीख तशीच लिहून. सूड घेतला म्हणतील ही भीती खरी आहे पण त्याला एक उपाय आहे, त्यात माणूस लिहू नकोस, घटना लिही. किती वाजता फोन, किती वाजता नोंद, किती वाजता ओव्हर, किती वाजता लक्षात आलं, तेव्हा काय केलं. ‘निष्काळजीपणे’, ‘मुद्दाम’, ‘नेहमीप्रमाणे’ असले शब्द एकही नको. आणि त्यात तुझा वाटाही लिही, कारण तो आहे. ओव्हर घेतल्यावर ९ वाजेपर्यंत तू फाईल उघडली नाहीस. रागावू नकोस माझ्यावर, तुझ्या मागे राउंड होता, नवी ॲडमिशन असेल, सगळं मान्य, पण ‘वाचायचं होतं’ हे त्यांचं वाक्य टोचलं ते एवढ्याचसाठी की त्यात चारआणे खरं आहे. आपली चूक आपण लिहिलेला रिपोर्ट सुडाचा वाटत नाही. आणि वर पाठवायच्या आधी त्यांना दाखव. सही मागू नकोस, परवानगीही नको, फक्त, ‘मी हे देतेय, वाचा, वेळा चुकल्या असतील तर सांगा.’ मागून कळण्यापेक्षा समोर कळलेलं बरं असतं, मग त्या कितीही चिडोत.

त्यांच्याशी बोलायचं म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येत असेल. बोस्टनकडे मार्था ग्रिफिन नावाच्या एक नर्स आहेत, त्यांनी २००४ मध्ये २६ नव्या नर्सेसबरोबर केलेलं काम छापलं. सहकारी टोमणा मारतात, डोळे फिरवतात, माहिती दडवतात, तेव्हा काय बोलायचं ती वाक्यं आधी शिकवून पाठ करून घेतली आणि आयडी कार्डामागे अडकवायला छोटी लॅमिनेट केलेली कार्डं दिली. कारण त्या क्षणी डोकं चालतच नाही, रात्री घरी गेल्यावर सुचतं काय बोलायला हवं होतं ते. माहिती दडवणं हे त्या यादीत होतं हे लक्षात घे, म्हणजे तुझ्या युनिटचं काही जगावेगळं नाही. तूही दोन वाक्यं पाठ कर. पहिलं, ‘सिस्टर, मला वाटतं यात अजून काही सांगण्यासारखं असेल, बेडपाशी जाऊन बघू या.’ दुसरं, एकांतात, ‘तुमचा माझ्यावर राग असेल तर तो मला सांगा, ओव्हरमध्ये तो नको.’ बास. तिसरं वाक्य जोडलंस की समजावणी सुरू होते आणि समजावणी सुरू झाली की तू परत ज्युनियर होतेस.

आणि मग ते विचार जे मला त्या मुलीने विचारलं, तुमचं नाव का गेलं नाही ते मी विचारू का. मनापासून विचारायचं असेल तरच. नुसतं गोड लागावं म्हणून विचारलंस तर त्यांना कळेल, १८ वर्षं आयसीयूत काढलेल्या बाईला माणूस वाचता येतो. त्यांना एखादं काम पूर्ण सोपव, नव्या मुलींना लाईन केअर शिकवायचं म्हणा, आणि सोपवलं की मागे जाऊन तपासू नकोस.

हे सगळं करून महिनाभराने परत ओव्हर दडपला गेला तर मात्र मेट्रनकडे जा, लेखी, तारखांसकट. तेव्हा ती चुगली राहत नाही. कुणी विचारलं तर सांग की बोलून बघितलं, नियम केला, रिपोर्ट दिला, आता हे. १९८६ साली ज्युडिथ माइस्नर यांनी नर्सेस आपलीच पिल्लं खातात का, असा प्रश्न छापून विचारला होता, तेव्हापासून सिनियरांनी ज्युनियरांना छळण्याबद्दल बरंच लिहिलं जातं आणि योग्यच आहे, पण पिल्लू मोठं होऊन डोक्यावर बसलं की थोरल्यांचं काय होतं त्यावर फार कमी लोक बोलतात. असो.

मैत्रिणीचं. इथे मी जरा कडक बोलणार आहे. ती दर वेळी मागते कारण दर वेळी मागण्यासारखं काहीतरी तुझ्या हातात आहे, म्हणजे रोस्टर तुझ्या डोक्यात आहे, कागदावर नाही. मागच्या ३ महिन्यांचा हिशोब मांड, कुणाला किती नाईट, किती शनिवार-रविवार, किती डबल ड्युट्या, आणि तो सगळ्यांना दिसेल असा लाव. त्यात तिला जास्त मिळालेत असं निघालं तर तेही दिसू दे, तुझा चेहरा दोन दिवस पडेल, चालेल. पुढच्या रोस्टरपासून विनंती एका तारखेच्या आत वहीत, अदलाबदल हवी तर जिच्याशी करायची तिची सही तिनेच आणायची. मग ‘तू नाही म्हणालीस’ हे वाक्यच उरत नाही. आणि रोस्टर लावताना ईव्हिनिंग करून दुसऱ्या दिवशी मॉर्निंग, ही जोडी जमेल तितकी टाळ, युरोपात दिवसाकाठी सलग ११ तास विश्रांती कायद्यात लिहून ठेवलीय ती उगाच नाही, ५ तास झोपलेली बाई ओव्हर कसा घेईल सांग बघू. मैत्रिणीला भेटायचं ते हॉस्पिटलबाहेर, आणि तिथे रोस्टरचा विषय निघाला की उठायचं. ती काही दिवस फुगेल. तिचा मुद्दा एका बाबतीत बरोबर आहे, तू बदललीस, बदलणारच की, आधी तू तिच्यासोबत रोस्टरला शिव्या घालायचीस आणि आता ते तूच लावतेस.

राहिलं पद. माझं मत, आत्ता सोडू नकोस, पण कायमचं घ्यायचं की नाही ते ठरवायला ६ महिने घे आणि तो निर्णय या दोघींवरून घेऊ नकोस. कारण मला तुझ्या पत्रात दुसरीच एक गोष्ट दिसतेय, तू फॉर्मबद्दल शेवटी एक ओळ लिहिलीस आणि पळालीस. तू टी वेव्ह ओळखलीस. तीन-चार बेड, राउंड, फोन यांच्या गर्दीत तुझी नजर मॉनिटरवर गेली आणि तुला कळलं. अशी माणसं बेडसाइडला लागतात, आणि आपल्या व्यवसायाची खोड अशी की बेडसाइडला उत्तम असलेल्या बाईला बक्षीस म्हणून बेडपासून लांब नेऊन रोस्टर आणि इंडेंटच्या वहीपुढे बसवतात. पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या कौशल्याच्या ५ पायऱ्या मांडल्या, नवशिकीपासून तज्ज्ञापर्यंत, आणि त्यातली मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट ही की तज्ज्ञ नर्ससुद्धा अनोळखी जागी गेली की परत नवशिकी होते. तू आयसीयूत वरच्या पायरीवर असशील, माणसं सांभाळायच्या कामात तुला ३ महिने झालेत. तुला जमत नाहीये असं जे रात्री वाटतं ना ते यामुळे, लायकी नाही म्हणून नव्हे.

म्हणून दोन रस्ते वेगवेगळे बघ. एक इनचार्ज, मग सुपरवायझर, मेट्रन, माणसं आणि व्यवस्था सांभाळायचा. दुसरा क्लिनिकल, क्रिटिकल केअरचं शिक्षण, मग स्पेशालिस्ट, शिकवणं, इन्फेक्शन कंट्रोल, काही देशांत नर्स प्रॅक्टिशनर, ज्याची सुरुवात १९६५ मध्ये लोरेटा फोर्ड या नर्सने हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांबरोबर कोलोरॅडोत केली. दुसरा रस्ता पहिल्यापेक्षा खालचा आहे असं वॉर्डात बोललं जातं, ते डोक्यातून काढ. फॉर्म भर. शेवटची तारीख बघून मेट्रनना आधी सांग, की मी हे शिकणार आहे, पद सांभाळून होईल का ते तुम्ही आणि मी मिळून बघू. लपवून भरू नकोस, उगाच एक नवा रुसवा तयार होईल.

आणि मेट्रनसमोर बसलीच आहेस तर ‘ॲक्टिंग’ म्हणजे नक्की काय ते कागदावर माग. किती महिने, कुणाच्या जागी, भत्ता आहे का, आणि त्या शिफ्टला तुझ्या नावावर पेशंट असणार का. इनचार्जनेच दोन व्हेंटिलेटर सांभाळायचे, फोन घ्यायचे आणि राउंडही करायचा हे चालणार नाही, तुझी ९ वाजेपर्यंत फाईल का उघडली गेली नाही त्याचं अर्धं उत्तर मला इथेच आहे असं वाटतं. त्या म्हणाल्या स्टाफ नाही, तर लिंडा एकेन यांचा २००२ चा अभ्यास सांग, पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं, सर्जरीचे पेशंट, नर्समागे एकेक पेशंट वाढला की ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. लगेच स्टाफ मिळेल असं नाही. पण तू मागितलंस याची नोंद राहते.

नोंदीवरून आठवलं, तुझी स्वतःची फाईल. बीएलएस-एसीएलएसचं (हृदय बंद पडल्यावर जीव वाचवायच्या ट्रेनिंगचं) कार्ड २ वर्षांनी संपतं, तारीख बघ. केलेली ट्रेनिंग, घेतलेले क्लास, बेडपाशी ओव्हर सुरू केलास तर त्याची सुरुवातीची तारीख आणि त्यानंतर किती गोष्टी वेळेत पकडल्या गेल्या, सगळं एका जागी, आणि त्याची एक प्रत ऑफिसात देऊन पोच घ्यायची. सिनियर सिस्टरनाही विचार, तुमची दिलीय का. माझ्यासारखी त्यांचीही कपाटात असतील.

युनिट बदलायचं मी मुद्दामच शेवटी ठेवलं होतं पण त्यावर फार काही सांगण्यासारखं नाही. शिकायला म्हणून बदल, पळायला म्हणून नको, दुसऱ्या युनिटमध्येही कुणीतरी १८ वर्षांची सिनियर असतेच.

सोमवारी मॉर्निंगला आहेस ना? पहिला ओव्हर बेडपाशी घे, कुणाला नोटीस वगैरे न काढता, आणि कसा झाला ते कळव. आणि हो, ‘पेशंटला काही झालं नाही’ एवढंच लिहिलंयस. तो आयसीयूतून बाहेर गेला का? रिपीट पोटॅशियम किती आलं होतं?